लाईन लीडर अपेक्षा

शिरूर,
ता. २४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांना,
अपेक्षाचा वाकून नमस्कार.

मी इकडं बरी आहे. आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना? कांदा काढायला माणसं मिळाली असं तिनं सांगितलं, ऐकून जीव हलका झाला. इथं ऊन आत्तापासूनच चटके देतंय. माझी पत्र्याची खोली दुपारी तापते, पण तेव्हा मी कंपनीत असते.

पत्र बघून नवल वाटलं असेल. काय करणार, फोन केला की तुम्ही न बोलता आईच्या हातात देता.

आप्पा, एका शब्दापायी आपलं बोलणं तुटलं. दोन वर्षांपूर्वी मी फोनवर आनंदानं ओरडले होते, "आप्पा, मला लाईनवर घेतलं!" पॅकिंगमधनं काढून मला मशीनवर घेतलं होतं. कंपनीत लाईन म्हणजे एकापुढं एक मांडलेली मशिनं. प्रत्येक बाई आपलं काम करून भाग पुढं सरकवते, शेवटाला गाडीचा तयार पार्ट बाहेर पडतो. पण तुमची सगळी नोकरी दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून गेली. तुमच्यासाठी लाईन म्हणजे रूळ. आईला वाटलं वीज. "लाईन हितंबी सारखी जाती गं," म्हणाली. आणि खंडूतात्यांनी पारावर तिसराच अर्थ लावला. "आप्पाची पोरगी शिरूरला लाईनीला लागली म्हणं," म्हणून हसले. पोरं पोरींवर लाईन मारत फिरतात, ती लाईन.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला फोनवर म्हणालात, "ती लाईन सोड आन् घरी ये." मी नाही म्हणाले. त्यानंतर तुमचा आवाज ऐकला नाही.

आता बातमी सांगते. मी लाईन लीडर झाले. अख्खी लाईन माझ्या हाताखाली. आमच्या कंपनीत ह्या जागेवर आजवर एकही बाई नव्हती!

कशी झाले ते लिहू का नको, असं चाललं होतं. लिहितेच.

दिवाळीनंतर तळेगाव ढमढेऱ्याची म्हाळसा नावाची नवी मुलगी माझ्या शेजारच्या प्रेसवर आली. प्रेस म्हणजे वरनं दाबून पत्रा वाकवणारं मशीन. हात आत असला की ते खाली येत नाही, तशी सोय असते. एका सकाळी मशीन बटण न दाबताच खाली आलं. म्हाळसाचा हात नुकताच बाहेर निघाला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी सुपरवायझरला बोलावलं. ते म्हणाले, "टार्गेट होऊ द्या, जेवणाच्या सुट्टीत बघू."

म्हाळसानं पत्रा आत ठेवायला पुन्हा हात उचलला आणि मी लाल बटण दाबलं.

सगळी लाईन थांबली. सुपरवायझर अंगावर धावून आले, "कुणाला विचारून बंद केली? चालू कर!"

पण तुम्ही पाटसच्या पुढं तडकलेला रूळ बघून लाल झेंडा घेऊन गाडीपुढं धावला होता ना, ते आठवलं. ड्रायव्हर शिव्या देत होता तरी तुम्ही हलला नव्हता. मी म्हणाले, "मशीन उघडून बघा, तोवर चालू होणार नाही." आणि बटणापुढं उभी राहिले. मग एकेक करत सगळ्या बायका जागा सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मला गेटबाहेर काढलं. बोलावल्याशिवाय यायचं नाही म्हणाले.

आप्पा, पुढचं आईलाही सांगितलेलं नाही. पिशवी भरून मी एसटीत बसले आणि चौफुल्यापर्यंत आले. तिथनं आपलं वरवंड कितीसं लांब? पण वाटलं, तुम्ही म्हणाल, बघ, सांगितलं होतं. मला तुमच्यासमोर हरून यायचं नव्हतं. स्टँडवर पोटभर रडले, आणि उलट्या गाडीनं शिरूरला आले.

आठवडा उलटायच्या आत मोठ्या साहेबांनी बोलावलं. प्रेस उघडली तर आतली वायर जळालेली. म्हाळसाचा हात गेलाच असता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या लाईनीला आता हिलाच लीडर करा." बायकांच्या टाळ्यांनी वरचे पत्रे दणाणले, आप्पा!

रविवारी ९ मार्चला कंपनीत माझा सत्कार आहे. घरच्यांना बोलावलंय. आईला एकटीला पाठवू नका.

तुमच्या हाकेसाठी थांबलेली,
अपेक्षा

*

वरवंड,
ता. १ मार्च २०२५

चि. अपेक्षास आप्पाचा आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. हितं समदं ठीक हाय. कांदा निघाला.

आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. चौफुल्याचं आलं तवा मी कागद खाली ठिवला. ती म्हणली, पुढं वाचा की. कसं वाचू? पोरगी दारापातुर येती आन् बापाच्या भ्यानं माघारी जाती. पुन्यांदा असं करायचं न्हाई. जिंकून ये न्हाई तर हरून ये, दार तुजंच हाय.

म्हाळसाचा हात शाबूत ऱ्हायला, ह्यातच समदं आलं. मोठं काम केलंस.

काल पारावर खंडू व्हता. मीच म्हणलो, "व्हय रं, माजी पोरगी लाईनीलाच हाय. तिनं बोट लावलं की अख्खी कंपनी थांबती." समद्यांना पत्र वाचून दाखवलं. मग खंडूनंच समद्यांना च्या सांगितला.

रविवारी आमी दोघं येतो. तू गेटवर उभी ऱ्हा. आत कुठं जायाचं ते आमाला कळायचं न्हाई.

रिटायर झालो तवा सायबानं बांधलेला फेटा ट्रंकंत व्हता. तो काढून ऊन दाखवलंय, बांधूनच येणार. आई म्हणती, "आवं, फेटा कशाला? लगीन हाय का काय?"

म्हणलं, लगनाला कुणीबी बांधतंय.

तुजा बाप,
आप्पा