बेथलेहेमात रान कुणाचं?

प्रिय सुकन्या,

तुझ्या कार्टून मालिकेच्या नाताळच्या भागातले आप्पाचे संवाद बदललेत, ‘कृपया’ नव्यानं रेकॉर्ड करून पाठवावेत, असं तू लिहिलंस. सख्ख्या मामाला कृपया! एरवी तू मला ‘मामा, तूच एक कार्टून आहेस’ म्हणतेस. तेव्हाच ओळखलं, की हे पत्र तुझ्याकडून कुणीतरी लिहवून घेतलंय.

नवे संवाद वाचले. आता म्हणे आप्पाच्या घरावर बर्फ पडतो, तो हरणांच्या गाडीला लटकतो आणि शेवटी धुराड्यात अडकतो. अगं, सोलापुरात बर्फ पडतो तो उसाच्या रसात! वर्गात मी कालिदासाच्या हिमालयावर भरपूर बर्फ शिकवतो, पण तो हिमालयावरच राहू देतो. तुझ्या चॅनेलनं तो थेट अक्कलकोट रोडला उतरवला.

तू आधी लिहिलेला भाग मात्र मला पाठ आहे. मेंढरं विकून शहरात राहायला आलेला आप्पा, नातीच्या शाळेत नाताळचं नाटक, आणि बाईंना हवंय खरं कोकरू. आप्पा कोकरू घेऊन जातो. तालमीत ऐकतो, की येशू जन्मला तेव्हा धनगर रात्री रानात मेंढरं राखत बसले होते. सगळे हात जोडून उभे, आणि आप्पाला भलतीच काळजी. आपल्याकडे मेंढरं एखाद्याच्या रानात बसवली की त्याला लेंडीखत मिळतं आणि तो धनगराला ज्वारी देतो. म्हणून आप्पा विचारतो, ‘पर बाई, रान कुणाचं हुतं? मालकानं ज्वारी दिली का न्हाय?’ बाई तालीम पुढे रेटतात. मग आप्पा नाटकाच्या दिवशी त्या उपाशी धनगरांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेतो, आणि गोठ्यातलं बाळ सोडून सगळं स्टेज जेवायला बसतं. हे रेकॉर्ड करताना मला दोनदा थांबावं लागलं. एकदा हसू आलं म्हणून.

तुला माझी रेकॉर्डिंगची तऱ्हा ठाऊक आहे. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, म्हणून डोक्यावरून घोंगडं घेऊन मोबाइलसमोर बसायचं. बायको म्हणते, संस्कृतचा मास्तर भूत झाला. ते घोंगडं तुझ्या बापाचं, बिरप्पादाजींचं. आत अजून मेंढरांचा वास येतो. आप्पाचा तो घोगरा आवाज मी कुठून आणला, असं तू कधी विचारलं नाहीस. मीही कधी सांगितलं नाही.

तुझ्या शाळेतलं नाटक आठवतं? तू धनगर झाली होतीस, डोक्याला टॉवेल गुंडाळून. दाजी मैंदर्गीकडच्या रानातून तसेच आले, घोंगडं खांद्यावर, आणि भरल्या सभागृहात मागून ओरडले, ‘बाई, रान कुणाचं हुतं?’ सगळे हसले. तू टॉवेल तोंडावर ओढून घेतलास आणि घरी जाईपर्यंत तसाच ठेवलास. दाजी मला म्हणाले, ‘श्रीमंतराव, पोरगी रुसली. पर इचारलं ते बराबर हुतं की!’ बरोबरच होतं. आणि तुझ्या कथेत तो प्रश्न वाचला तेव्हा कळलं, की पोरीनं तो टॉवेल आता तोंडावरून काढला.

तोच प्रश्न चॅनेलवाले कापायला निघालेत, ‘फार गावठी आहे, कुणाला कळणार?’ म्हणून. तर ऐक. मी रेकॉर्ड करणार नाही. तसं त्यांना आजच कळवून मोकळा झालोय. आप्पाला बर्फात लटकवायचं असेल तर दुसरा आवाज शोधा, मात्र इतके भाग लोकांनी ऐकलेला आप्पा तुम्हाला परत मिळणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. म्हातारा हट्टाला पेटलाय, ऐकत नाही, असं तू खुशाल सांग. सगळं माझ्यावर ढकल. फक्त ते नवं पान तू स्वतःच्या हातानं मंजूर करू नकोस.

कारण म्हाळसाअक्कानं नाताळच्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचं ठरवलंय. दाजी गेल्यापासून ती आप्पाचा एकही भाग चुकवत नाही. परवा आप्पाचा आवाज लागताच पदर सावरून बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘श्रीमंत, तू बोलत ऱ्हा.’ कुणाला कळणार, असं विचारतात ना? त्यांना तुझ्या आईचा पत्ता दे.

तुझाच,
घोंगड्याखालचा हट्टी मामा
श्रीमंत