पिंप कोणाचं?

आरशांचं आवार,
ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार महिने लिहीन लिहीन म्हणत पत्र पुढे ढकललं, हे आधीच कबूल करते. पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा कागद नव्हता. दोन्ही होते तेव्हा बाहेर काहीतरी बघण्यासारखं होतं आणि मी उठून गेले. तुला माझा स्वभाव माहीत आहे, उगाच ‘भिंगरी’ नाव ठेवलं नाहीस.

सध्या मी जिथे आहे तिथे मैदानभर आरसे आहेत. पन्हाळीसारखे वाकवलेले, माणसाच्या दुप्पट उंच, ओळीने चाळीस रांगा. प्रत्येक रांगेच्या मधोमध एक नळी आणि नळीत तेल. सूर्य सरकेल तसे आरसे माना वळवतात, आणि तेल असं तापतं की त्याच्यावर पाण्याची वाफ करून वीज काढतात. मी सकाळी आरसे धुते आणि दुपारी पंपांच्या बेअरिंगला तेल घालते. इथे एक कुत्रा आहे. प्रत्येक आरशात त्याला दुसरा कुत्रा दिसतो आणि तो त्याच्यावर भुंकतो. विसाव्या रांगेपर्यंत त्याचा घसा बसतो, तरी हट्ट सोडत नाही. असो. कुत्र्याबद्दल लिहायला बसले नव्हते.

काल इंजिनियरसाहेबांच्या टेबलावरून कप उचलायला गेले तर खाली पेटंट कचेरीचं छापील पत्रक होतं. कपाचा गोल डाग बरोबर एका आकृतीवर पडला होता. काळं पिंप, त्याच्या मागे वाकवलेला पत्रा, खाली कापडी पिशवी. वर छापलं होतं, ‘वापरलेले वंगण उन्हाने तापवून गाळण्याचे साधन’. आणि शोध लावणाऱ्याचं नाव एकच. तुझं.

दादा, जनाची नाही, मनाची तरी?

थंडीत तेल इतकं घट्ट व्हायचं की पिशवीतून थेंब उतरत नसे. तू ते शेगडीवर तापवायला निघालास आणि कारखाना पेटवून देशील म्हणून वहिनीने शेगडी उचलून बाहेर ठेवली. आठवतंय? त्या दिवशी पिंपाला काळा रंग कोणी फासला? दुकानाच्या जुन्या पाटीचा पत्रा वाळूने घासून चकचकीत करून मागे कोणी उभा केला? तू तर दारात उभा राहून हसत होतास. म्हणालास, आता ही सूर्याला कामाला लावणार, स्वतः मात्र लागणार नाही.

साहेब म्हणाले, हरकत घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. त्याच्या आत अर्जात माझं नाव घाल. नाही घातलंस तर मी हरकत घेईन.

वहिनीला नमस्कार. तुझ्यासाठी जो वर लिहिलाय तो पुरे.

तुझी
भिंगरी

---

कारखाना,
ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद. हे रीत म्हणून लिहिले, मनातून आले असे समजू नये.

चार महिन्यांनी पत्र आलं तेव्हा तुझी वहिनी धावत दाराशी गेली, तू आजारी तर नाहीस म्हणून. आत बघतो तर शिव्या. तुझा आजार जुनाच आहे, हे कळून जीव भांड्यात पडला.

रंग तू फासलास, हे खरं. पत्रा तू घासलास, तेही खरं. पुढचं का नाही लिहिलंस? तेलात पाणी होतं. ते तापलं, फेस आला, आणि पिंपातलं अर्धं तेल उतू जाऊन अंगणभर पसरलं. ते गिऱ्हाइकाचं तेल होतं. तू चपला हातात घेऊन मागच्या दाराने पळालीस आणि मी भुसा टाकून तीन दिवस अंगण खरडत होतो. नंतर पिंप चार बोटं तिरपं कोणी केलं? पाणी आणि गाळ खालच्या कोपऱ्यात साचू दे, नळ त्याच्या वर बसव, वाफेला झाकणात वाट ठेव, हे कोणाचं डोकं? तू त्या वेळी कुठल्या तरी ट्रकमध्ये बसून गाणी म्हणत होतीस.

नववीत दोनदा बसलेल्या मुलीने मला पेटंट शिकवू नये. काळा रंग फासणं हा शोध असेल तर रंगाऱ्यांना रोज एक पेटंट द्यावं लागेल. आणि हरकत घ्यायला पुरावा लागतो. तुझ्याकडे काय आहे? तोंड. ते भरपूर आहे, पण कचेरीत कागद मागतात.

तब्येतीस जपावे. पत्राची घाई नाही.

तुझा
दादा

---

आरशांचं आवार,
ता. १३ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग घालायला आज अंग वाकत नाही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. कागद मागतोस ना? कागद तुझ्याच घरात आहे. गेल्या तीन वर्षांत तुला मी सतरा पत्रं पाठवली. पहिलंच पत्र काढ. बंदरावरच्या बोटींच्या वर्कशॉपमधून लिहिलेलं आहे. त्यात पिंपाचं चित्र काढलंय, पत्रा किती वाकवायचा ते वितीने मोजून लिहिलंय. दुसरं दगडाच्या खाणीवरून आहे, तिसरं बसच्या गॅरेजमधून. जिथे गेले तिथे मी हे पिंप बांधून दाखवलं. सात ठिकाणी! लोक बघायला जमायचे. खाणीवरच्या मुकादमाला तर खरंच वाटेना. तेल गाळून झाल्यावर त्याने त्यात बोट बुडवून उजेडात धरलं, मग दुसरं बोट बुडवलं, मग स्वतःच्या मिशीला लावून बघितलं. मी इतकी हसले की माझ्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला. म्हणून तिथून लवकर निघावं लागलं.

तूही मला उत्तर लिहिलं होतंस. त्यात ‘तुझ्या पिंपाला फेस येतो तो पाण्यामुळे’ असं होतं. तुझ्या पिंपाला! ते पत्र माझ्याकडे राहिलं नाही. त्यात मी तेलकट पाना गुंडाळला आणि शाई सगळी विरघळली. पण माझी पत्रं वहिनीच्या ट्रंकेत आहेत. ती कागदाचा कपटा टाकत नाही, हे तुलाही माहीत आहे.

तिरपं तू केलंस, हे मान्य. मी खोटं बोलत नाही. नळ वर बसवलास, तेही तुझं. मग दोन नावं घाल. एवढंच मागतेय. ती सतरा पत्रं मला पाठव, नाहीतर मी कचेरीला लिहीन की ती तुझ्याकडून मागवा.

उत्तराची वाट बघते. लोभाची नाही.

भिंगरी

---

कारखाना,
ता. १७ फेब्रुवारी

भिंगरी,

आज आशीर्वादही नाहीत. तू काय लिहिलं आहेस ते तुला कळतं का?

तुझं पत्र मी वकिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं की ही मुलगी तुमच्या बाजूची आहे की विरुद्ध. कायदा असा आहे की अर्ज करण्याआधी ती वस्तू चारचौघांत वापरली गेली असेल, तर तिच्यावर कोणाचाच हक्क राहत नाही. माझाही नाही, तुझाही नाही. मी अर्ज गेल्या वर्षी केला. तू तीन वर्षांपूर्वीपासून सात ठिकाणी दवंडी पिटत फिरलीस आणि वर तारखेनिशी मला लिहून कळवलंस. ज्या पत्रांनी तुझं नाव सिद्ध होईल त्याच पत्रांनी माझा अर्ज मोडेल. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारे पाहिले होते. तू दुसऱ्याच्याही फांदीवर चालवतेस.

पंप बनवणारी कंपनी हे पिंप आपल्याकडून करून घ्यायला तयार आहे. विक्रीची माणसंही त्यांनी नेमली. पण पेटंट मिळालं तरच. नाहीतर त्यांच्याकडे मोठ्ठे कारखाने आहेत, ते आपल्या दारात कशाला उभे राहतील? इथे आता एकच लेथ मशीन उरलंय. बाकीची जागा रिकामी आहे, बोललं की आवाज घुमतो. हेही गेलं तर वडिलांपासूनच्या दाराला कुलूप.

तेव्हा तू गप्प बस. आयुष्यात एकदा. पत्रं मी तुझ्या वहिनीला जाळायला सांगितली आहेत.

दादा

---

कारखाना,
ता. २० फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. माझे मनापासून आहेत.

हे गच्चीवर गेलेत म्हणून लिहायला बसले. गच्चीवर ते पिंपाशी भांडतात. परवा त्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. मी हळद लावत होते तर म्हणाले, ही लाथ तुझ्या नणंदेची होती.

पत्रं जाळलेली नाहीत. यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा चूल विझली म्हणून सांगितलं. चौथ्यांदा ट्रंकेची किल्ली मागितली, तेव्हा मी सांगितलं की ज्या घरात मी गाळायच्या पिशव्या शिवते, धुते आणि उसवल्या की पुन्हा शिवते, त्या घरात किल्ली माझ्याकडेच राहील.  त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी सगळी पत्रं परत वाचली. तू खरी आहेस. हेही खोटे नाहीत. तिरपं करण्याआधी सहा महिने त्या पिंपाने यांना रडवलं, ते तू पाहिलेलं नाहीस. आणि तू खाणीवर तापाने पडली होतीस ते मला सोळाव्या पत्रात कळलं, म्हणजे पुरतं दीड वर्षाने, तेही दोन ओळींत, पिंपाच्या मापांच्या मध्ये. तेव्हाचा राग मला अजून आहे.

मला मध्ये घालू नका. पत्रं तुझी आहेत. तू जाळ म्हणालीस तर जाळीन, पाठव म्हणालीस तर पाठवीन. मात्र उत्तर यांना लिही, मला नको. त्यांच्या तोंडून मला ऐकायचंय.

हाताला तेल लागलं की साबणाआधी राख लाव. जास्त काय सांगू, तू ऐकणार थोडीच.

तुझी
वहिनी

---

आरशांचं आवार,
ता. २५ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

वहिनीचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरले. आरसे धुताना ते दोनदा भिजलं. आजकाल मी आरसेही नीट धुत नाही. साहेबांनी बाराव्या रांगेवर बोट फिरवून मला धूळ दाखवली आणि विचारलं की घरी कोणी वारलं का. मी सांगितलं की नाही, सगळे जिवंत आहेत, तोच त्रास आहे.

सात ठिकाणी मी पिंप बांधलं ते कोणावर उपकार म्हणून नाही. घाण तेल मी वरून ओतायचे आणि खालून मधासारखं उतरायचं, तेव्हा लोक म्हणायचे की काय डोकं आहे पोरीचं. ते ऐकून झालं की मी पुढच्या गाडीत बसायचे. आपल्या घरी ते वाक्य कधी कोणी म्हटलं नाही. तू तर नाहीच. सतरा पत्रांना तुझी अकरा उत्तरं आली आणि अकराही पत्रांत माझ्या चुका होत्या. त्या बरोबर होत्या, हा आणखी राग.

तर जाळा. वहिनीला सांग, मी जाळ म्हटलंय. पत्रक मी साहेबांच्या टेबलावर परत ठेवलं आणि हरकतीचा कागद फाडला. नाव तुझं एकट्याचं राहू दे. दाराला कुलूप लागू नये, ते दार माझंही आहे, मी कितीही लांब असले तरी. पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस. माझ्या पिंपावर तुझं नाव छापलेलं बघून तुला रोज थोडं टोचावं, एवढी माझी इच्छा आहे. हक्क सोडणाऱ्या माणसाला एवढी तरी असावी.

आणि अंगठ्याची सूज उतरली का ते कळव. चौकशी म्हणून विचारत नाही. मला त्या

दादा, ते वाक्य राहू दे. मधेच उठावं लागलं. फाटकावरचा पहारेकरी हाका मारत आला की मला भेटायला कोणी आलंय, आणि त्याच्याबरोबर हातगाडी आहे.

बसच्या गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री आलाय. तेलाच्या टँकरवाल्याने त्याला मी इथे असल्याचं सांगितलं. हातगाडीवर त्याने पिंप आणलंय. मी तीन वर्षांपूर्वी रंगवलेलं तेच काळं पिंप, पण आता त्याच्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत मिस्त्रीचं नाव आहे, आणि नावाखाली तारीख. मी गेले त्याच दिवशी घातली म्हणे, रंग उरला होता म्हणून.

तुझ्या पंप कंपनीचा विक्रीवाला त्यांच्या गॅरेजमध्ये पिंपाचं चित्र घेऊन गेला होता. मिस्त्रीने त्याला मागच्या अंगणात नेऊन स्वतःचं पिंप दाखवलं. विक्रीवाला घाबरून एवढंच बोलून गेला की याचा शोध दुसऱ्याच कोणी तरी लावलाय आणि अर्ज कचेरीत आहे. तेव्हापासून मिस्त्री पेटलाय. त्याचं म्हणणं, शोध त्याचा आहे. पिंप बांधलं त्या दिवशी बाहेरची साक्षीदार मी एकटीच होते, तर मी सही करून द्यावी.

मी त्याला सांगितलं की हा रंग माझ्या हातचा आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने समजावलं की पोरी, ब्रश तू धरला होतास, डोकं माझं होतं.  तुझं नऊ तारखेचं पत्रच कोणी मोठ्याने वाचत होतं, असं वाटलं.

मी सही दिली नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. परवा तो हातगाडी घेऊन सरळ कचेरीत जाणार आहे. पत्रं चुलीत जातील, पण हे दोनशे लिटरचं पिंप तू कशात घालणार?

आत्ता तो पायरीवर बसून पाणी पितोय. पहिला पेला संपवून त्याने विचारलं की माझं पिंप चोरणारा हा माणूस राहतो कुठे. मी पेला पुन्हा भरून दिला. तोही अर्धा झालाय आणि तो माझ्याकडे बघतोय.

तुझा पत्ता मी अजून सांगितलेला नाही.

तुझी
भिंगरी