त्रेचाळिसावी सही

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, कवठटोला,
तालुका साकोली, जिल्हा भंडारा.

अर्जदार : सौ. रेवताबाई इतवारी मारबते, वय ५८, धंदा मासेविक्री, राहणार ढिवर मोहल्ला, कवठटोला.

विषय : कार्यालयाच्या खोलीत जमा असलेले भूपेश मारबते याचे आवाजाचे सामान परत मिळणेबाबत, व एका सहीपुरती सवलत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच तक्रार अर्ज, दि. १०/०२/२०२५. २) पंचनामा, दि. १४/०२/२०२५. ३) आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. ०३/०३/२०२५.

महोदय,

आधी नमस्कार, मग गाऱ्हाणे. हे गाऱ्हाणे दुसऱ्या कोणाविरुद्ध नसून अर्जदाराचे स्वतःविरुद्ध आहे, तरी ते शेवटपर्यंत वाचावे ही पहिली विनंती.

१. अर्जदार कीर्तनवेडी आहे हे साऱ्या गावास ठाऊक आहे. आसपास कुठेही सप्ताह असो, माशांची टोपली रिकामी झाली की ती पहिल्या रांगेत जाऊन बसते. कीर्तनातून मधेच उठू नये, ही सासूची शिकवण तिने आजवर मोडलेली नाही. तिचे पती इतवारी यांनी बावीस वर्षे बोअरच्या गाडीवर काम केले. जमिनीत हातोडा चालू असता नुसत्या आवाजावरून ते खाली मुरूम आहे की काळा पाषाण हे ओळखत, आणि पाणी लागायच्या जरा आधी त्यांचा हात वर जाई. हात वर गेला की चालक हातोडा थांबवी. काम सुटून सहा वर्षे झाली. कान मंद झाले ते झालेच, वर चोवीस तास कानात घरघर राहिली. डॉक्टरांनी यावर औषध नाही असे सांगितले. इतवारींचे म्हणणे असे की, "मी गाडीवरून उतरलो, पर गाडी माह्या कानातून उतरून नाही राहिली."

२. भूपेश हा अर्जदाराच्या दिराचा मुलगा. साकोलीस मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला असतो. संध्याकाळी घरी आला की जाळी ठेवायच्या छपरीत दोन जुने टेपरेकॉर्डर, पंख्याची मोटर, पत्र्याला चिकटवलेला माइक आणि एक मोठा स्पीकर लावून बसे. त्यातून जे निघे त्यास सूर नाही, ताल नाही, देवाचे नाव तर नाहीच. घासणे, किंचाळणे, गडगडणे. त्यास तो नॉइज म्हणतो. तो म्हणाला होता, "मोठी आई, हे पण संगीतच होय. दूरदूरचे लोक ऐकतात." त्यावर अर्जदार म्हणाली होती, "दूरचेच ऐकतील ना रे. जवळचा कोण ऐकते?" जवळचा ऐकणारा तिच्याच घरात निघाला. इतवारी रोज संध्याकाळी स्पीकरला जवळजवळ टेकून बसू लागले.

३. माघातल्या सप्ताहात चौथ्या दिवशी मारोतराव महाराजांचे कीर्तन ऐन रंगात असता इतवारी उठले आणि साऱ्या मंडपादेखत छपरीकडे चालते झाले. मागच्या रांगेतून शेजारच्या निर्मलाबाई म्हणाल्या, "रेवता, तुह्या घरच्याले महाराजाहून पत्रा गोड लागते वो." बाया हसल्या. अर्जदाराचे डोके त्या हसण्याने फिरले. दुसऱ्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत, पत्रावळी मांडल्या होत्या आणि वाढायचे होते, तेव्हा ती तक्रारीचा कागद घेऊन रांगेतून फिरली. पंगतीत आलेल्या कागदाला कोण नाही म्हणतो? कोणी वाचला नाही. त्रेचाळीस सह्या झाल्या. त्रेचाळिसावी सही खुद्द इतवारींची आहे. त्यांना वाटले पुढल्या वर्षीच्या सप्ताहाची यादी आहे. अर्जदाराने जागेवर बोट ठेवले, त्यांनी सही केली. त्या वेळी तिला हे पाप वाटले नाही.

४. पंचनाम्याच्या दिवशी सामान "चालू स्थितीत" असे लिहायचे म्हणून आपण भूपेशला ते सुरू करावयास सांगितले. तो म्हणाला, बावीस मिनिटांचे आहे, मधून तोडता येत नाही. पंच मंडळी कानात बोटे घालून निंबाखाली गेली. अर्जदार मात्र छपरीच्या ओट्यावर आधीच बसली होती, आणि सुरू झालेल्यातून मधेच उठणे तिच्याने होईना. पहिली काही मिनिटे ती नुसती संपायची वाट पाहत होती. शेजारी इतवारी डोळे मिटून बसलेले, एक बोट हवेत. ते बोलत होते, "हा मुरूम होय... हा काळा दगड... आता पाह्य." अर्जदार त्यांच्या बोटामागे ऐकू लागली. तेव्हा कुठे तिला कळले की तो एक आवाज नाही. एकाखाली एक थर आहेत. वरचा खरवडला जातो तेव्हा खालचा वर येतो, आणि त्या साऱ्याच्या तळाशी वीणेकऱ्याच्या तारेसारखा एक स्वर कधीचा उभा आहे. गोड वाटले असे ती आजही लिहिणार नाही, खोटे लिहवत नाही. पण अंगावर काटा आला, आणि तो काटा तिच्या ओळखीचा होता. मग बावीस मिनिटे भरत आली तसा इतवारींचा हात वर गेला. भूपेशने त्याच क्षणी सारे बंद केले. गजर टिपेला जाऊन थांबतो आणि मंडप श्वास घ्यायचे विसरतो, तशी ती शांतता होती.

त्या शांततेत इतवारी साध्या आवाजात म्हणाले, "महाराजाचं कीर्तन माह्यामागं कोठवर गेलं होतं?" अर्जदाराने त्यांच्या जवळ सरकून सांगितले. त्यांना ऐकू आले. अर्धा तास त्यांच्या कानात घरघर नव्हती. मग ती परत आली.

छपरीतून येऊन ते रोज तिला कीर्तनातले विचारीत, हे तिला तेव्हा आठवले. आपली थट्टा करतात असे समजून ती पाठ फिरवून भात वाढत असे. त्या दिवशी मंडपातूनही ते कीर्तन टाकून गेले नव्हते, कान मोकळे करून यायला गेले होते. हे अर्जदारास कळले तेव्हा सामान कार्यालयात जाऊन खोलीला कुलूप लागत होते.

५. तक्रार मागे घेण्याची तोंडी विनंती केली असता, त्रेचाळीसही जणांची लेखी संमती आणावी असे आपले पत्र आले. अर्जदार जवळपास तीन महिने दारोदार हिंडली. निर्मलाबाईंचे म्हणणे, "पंगतीतली सही म्हणजे देवासमोरची. खोडली तर दोष कोणाले?" दोष माह्यावर, असे अर्जदाराने त्यांच्या देवघरापुढे बसून सांगितले तेव्हा त्यांनी सही दिली. तिची स्वतःची धरून बेचाळीस झाल्या.

दरम्यान दि. १८ मे रोजी उन्हाळी धानाची मळणी चालू असता इतवारी मशीनपाशी गेले आणि फिरत्या ड्रमला कान लावावा तसे वाकले. गळ्यातला दुपट्टा आत ओढला गेला. मशीनला पेंढ्या देणाऱ्या मजूर बाईने त्यांना कमरेला धरून मागे खेचले म्हणून नुसता दुपट्टाच गेला. ती ओरडली, "काका, मराले आले काय इथं?" ओठांवरून ओळखून ते म्हणाले, "नाही बाई, ऐकाले."

६. आता एकच सही उरली आहे आणि ती इतवारी देत नाहीत. "तुह्या कागदावर एकदा सही केली तं माहा आवाज कुलपात गेला. आता दुसरा कागद नाही." हा कागद कुलूप उघडायचा आहे, हे अर्जदाराने कानाशी ओरडून सांगितले, ते घरघरीत बुडाले. लिहून दाखवले, तर म्हणतात, तवाही लिहिलेलंच होतं. म्हणजे साहेब, त्यांची सही झाल्याशिवाय सामान निघत नाही, आणि सामान निघाल्याशिवाय सही कशाची ते त्यांना ऐकू जात नाही. ही गाठ अर्जदाराने स्वतः मारली आहे, पण तिच्या एकटीच्या हाताने सुटत नाही.

सबब विनंती एवढीच की, आपल्या सोयीच्या एका दिवशी, भर दुपारी, सामान बावीस मिनिटे कार्यालयाच्या अंगणात लावू द्यावे. इतवारींचा हात वर जाऊन शांत झाले की अर्जदार हा अर्ज, पंगतीतल्या सहीची गोष्ट धरून, पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवील. पहिल्या वेळी त्यांना न ऐकवता सही घेतली. या वेळी त्यांनी ऐकून काय ते ठरवावे. ते नाही म्हणाले तर अर्जदार पुन्हा आपल्या दारी येणार नाही, सामान खुशाल आत ठेवावे. मात्र कुलूप लगेच लावू नये. तो बिनघरघरीचा अर्धा तास त्यांचा त्यांना पुरा मिळू द्यावा.

आपल्या उत्तराकडे कान लावून असलेली,

रेवताबाई इतवारी मारबते
कवठटोला, दि. २६/०५/२०२५

सोबत :
१) बेचाळीस जणांची संमती, सह्यांसह. खाली एक जागा कोरी ठेवली आहे.
२) इतवारी यांच्या कानाच्या तपासणीचा कागद.
३) भूपेशच्या हातची सामानाची यादी. त्यात पत्रा लिहायचा राहिला आहे, तोही आतच आहे.