वरच्या अंगानं

१८ ऑगस्ट, सोमवार

"सदर नौवहन चिन्ह आपल्या निर्धारित स्थानावरून विस्थापित झाले असून नौकाचालकांनी यथोचित दक्षता बाळगावी."

हे ज्यानं लिहिलं त्याला बोटीत बसवून समुद्रात सोडला पाहिजे. बुडायला लागला की हेच वाक्य वाचून दाखवायचं — यथोचित दक्षता बाळगा, साहेब.

कोळ्याला सांगायचंय काय? बाबा, खडकाची खूण म्हणून जो बोया बांधला होता तो सुटून भलतीकडं गेलाय, त्याच्यावर भरोसा ठेवू नको. संपलं. पण नाही. आपल्याकडं साधं सांगितलं की सांगणाऱ्याची इज्जत जाते.

चौथा महिना लागला या कामाला. किनाऱ्यावर कुठं दिवा बंद पडला, कुठं बोया हलला, की सरकारी बंदर खात्याचं पत्र निघतं. ते पुण्याच्या कंपनीकडं येतं, कंपनीकडून माझ्याकडं. मी ते मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करायचं. मग सकाळी सहाला मच्छीमारांचे फोन वाजतात आणि त्यात माझा आवाज. आणि मी समुद्रापासून लांब, परभणीकडच्या पूर्णेत. माडीवरच्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन बोलते मी. मधेच जंक्शनात गाडी भोंगा देते की पहिल्यापासून. आज पाच वेळा केलं. पाच वेळा "यथोचित दक्षता". जीभ विटली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बापूंना कालचं ऐकवलं. छत्तीस वर्षं रेल्वेत पॉइंटमन होते. धोक्याची सूचना म्हणजे काय, ते माझ्या वडलांइतकं त्या खात्यात कुणाला कळत नसेल.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्येच्यात करायचं काय ते कुठं हाय?"

बघा! चौथी शिकलेल्या माणसाला जे दिसतं ते पुण्याच्या शंतनुला दिसत नाही. शंतनु म्हणजे माझा साहेब. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. मला "मॅडम" म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही.

बापू पुढं म्हणाले, "आमच्या टायमाला पुढं रूळ खराब असला तर डायव्हरला कागद द्यायचो. नुसता द्यायचा न्हाई. त्येनं वाचून सही केल्याबिगर गाडी सोडायची न्हाई. तुझा कोळी सही करतो का?"

म्हटलं, फोनवर ऐकू जातं त्याला.

"ऐकू जाणं येगळं, कळणं येगळं, बाई."

अहो तेच तर मी बोंबलून सांगायलेय सगळ्यांना! भाषा बदला म्हणून!

२० ऑगस्ट, बुधवार

आज पत्र आलं ते लय महत्त्वाचं. कुर्ली खडक म्हणून आहे एक, किनाऱ्यापासून थोडा आत. भरतीच्या वेळी पाण्याखाली असतो, दिसत नाही. त्याच्यावरचा बोया तुटून गेलाय. पत्रातली ओळ — "खडक व किनारा यांदरम्यानचा भाग उथळ व धोकादायक असल्याने नौकांनी सदर खडकाच्या पश्चिमेकडील बाजूने मार्गक्रमण करावे."

ठरवलं. हे असं मी वाचणार नाही. नोकरी गेली तर गेली.

खाली जाऊन बापूंना वाचून दाखवलं. ते ओसरीवर तंबाखू मळत नदीकडं बघत बसले होते. वरून पाणी सोडलंय, ताडकळसच्या बस उशिरा यायल्यात, हेच चाललं होतं त्यांचं सकाळपासून.

"पश्चिमेकडील बाजूने म्हंजे कुठून?"

"म्हंजे वरून, बापू. वरच्या अंगानं."

"मंग तसं म्हण की."

तसंच म्हणणार. रात्रंदिवस जो माणूस पाण्यात असतो त्याला काय भूगोलाचा पेपर द्यायचाय? माणूस वर-खाली बोलतो, अलीकडं-पलीकडं बोलतो. घरात कोण म्हणतं का, ईशान्येचा तांब्या दे?

लिहिलं —

"ऐका. कुर्ली खडकावरचा बोया तुटून गेलाय. कुठं तरंगताना दिसला तरी त्याच्यावर भरोसा ठेवू नका. खडक पाण्याखाली आहे. खडकाच्या वरच्या अंगानं जा. लांबून जा."

अठरा सेकंद! बापूंना ऐकवलं. एकदाच. म्हणाले, "आता कळलं." बापूंनी समुद्र चित्रातसुद्धा नीट पाहिला नसेल. त्यांना कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शंतनुचा फोन. अर्धा तास डोकं खाल्लं.

"मॅडम, छान झालंय, पण मूळ पत्रातले शब्द बदलता येत नाहीत."

म्हटलं, मूळ पत्र कुणाला कळतं ते सांगा. तुमच्या आईला फोन लावा, त्यांना वाचून दाखवा, आणि विचारा खडकाच्या कुठून जायचं.

"बरं, बाकी राहू द्या. पण ते 'पश्चिमेकडून' ठेवू या का? सेफ आहे."

सेफ म्हणे! कुणासाठी सेफ? याच्या फायलीसाठी. आमच्याकडची बोली कानावर पडली की यांच्या पोटात दुखतं. मुलाखतीच्या वेळीच म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या बोलण्यात जरा तिकडचा टोन येतो." तिकडचा! म्हणजे परभणीचा. परभणीचं माणूस बोललं की टोन, आणि याचं ते शुद्ध!

सगळं काढलं आज. म्हटलं, बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवलंय मी. पोरांना काय कळतं आणि काय नुसतं ऐकू जातं, ते मला शिकवू नका. तुमचं 'पश्चिमेकडून' ठेवायचं तर तुमच्या आवाजात ठेवा. मी बोलणार नाही.

मग म्हणाला, "ठीक आहे मॅडम, तुमच्यावर सोडतो."

माझ्यावरच सोडा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शहाणपणा केला.

२२ ऑगस्ट, पोळा

मंजूर झालं. उद्या सकाळी सहाला जाणार, पाच दिवस रोज. एकशे बारा बोटींना. पोळ्या चांगल्या झाल्या. बापूंनी दोन जास्त खाल्ल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज मेसेज गेलाच नाही! दोनच दिवस गेला, शनिवार-रविवार. माझा स्वतःचा नंबर घातलाय मी यादीत, म्हणून कळलं. नाहीतर कोण सांगतंय. शंतनुला फोन — बंद. ऑफिसात फोन — "सर गणपतीला गावी गेलेत."

सर गावी गेलेत, बोया वाहून गेलाय, आणि बोटी मात्र समुद्रात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कुर्ली खडकावर बोट फुटली. काल पहाटे.

मोबाईलवर बातमी आली, चार ओळींची. चार माणसं होती. तिघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. चौथा सापडत नाही. तो तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. नाव हरेश्वर.

मी सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं. खडक पाण्याखाली आहे म्हणून.

लिहवत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

शंतनुनं एकदाचा उचलला फोन. म्हणे, "मॅडम, यादी बघितली मी. त्या बोटीच्या नंबरवर मेसेज दोन्ही दिवस ऐकलेला दाखवतोय. पूर्ण."

खोटं बोलायलाय! ऐकलेला असता तर माणूस त्या खडकावर गेला असता का? सांगितलेलं कळलं असतं तर कोण जाईल मरायला? यांच्या यादीत काय, कुणीही हिरवी खूण करतं. पाचाचे दोन दिवस केले, तीन दिवस गिळले, आणि आता यादी दाखवतो.

म्हटलं, ते राहू द्या. आता तरी मेसेज चालू करा. दिवसातून दोनदा. नवा बोया बसेपर्यंत एक दिवस चुकवायचा नाही.

"लगेच करतो," म्हणाला. मुकाट्यानं केलं. मनात खोट असल्याशिवाय एवढं गरीब होतं का माणूस?

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, हळदीकुंकू, शेजारणी. सगळ्यांशी हसून बोलले. सकाळी सहाला मेसेज आला, संध्याकाळी पाचला आला. दोन्ही वेळा उभी राहून ऐकला. स्वतःच्याच आवाजाला मान हलवली — बरोबर आहे, बरोबर आहे.

हरेश्वर सापडला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. कंपनीला नाही, थेट खात्याला. विषय — शंतनु यांच्या निष्काळजीपणामुळे झालेली जीवितहानी.

जीवितहानी शब्द खोडला. सापडेल अजून. आठच दिवस झालेत. पोहणारी माणसं असतात ती.

बापू म्हणाले, "जेवून घे." म्हटलं, भूक नाही. म्हणाले, "रागानं पोट भरतं का?" माझं तर भरतं.

८ सप्टेंबर, सोमवार

अर्ज झाला. दोन पानं. तारखा, वेळा, कोण कधी सुट्टीवर, सगळं मांडलंय. एकच गोष्ट राहिलीय. हरेश्वरच्या घरच्या कुणीतरी सांगायला पाहिजे की आमच्यापर्यंत सूचना पोचलीच नव्हती. मग शंतनुची यादी खोटी पडते आणि विषयच संपतो.

तिथल्या मच्छीमार सोसायटीत चार दिवस फोन करून शेवटी नंबर मिळवला. सुलाबाई, हरेश्वरची बायको. बोट तिच्याच नावावर आहे. फोनही तिचाच.

नंबर समोर ठेवून दुपारभर बसले. काय म्हणायचं? मी तो आवाज आहे, म्हणायचं?

बापूंना अर्ज वाचून दाखवला. मग म्हणाले, "सगळं खरं असंल. पर त्येंनी काय ऐकलं, ते त्येंच्या तोंडून ऐकलंस का तू?"

म्हटलं, उद्या सकाळी तेच तर करणार आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुलाबाईंनी आवाजावरूनच ओळखलं. "तुमी त्या फोनवाल्या बाय ना?"

मेसेज मिळाला होता. दोन्ही दिवस. त्यांनीच नवऱ्याला ऐकवला होता. "ते जन्मभर त्या खडकाच्या खालनंच जायचे. पण तुमी सांगितलंत वरच्या अंगानं जा. म्हटलं, खाली काय नवीन अडकलं असेल, सरकारला आपल्यापेक्षा जास्त माहीत. तुमचा काय दोष नाय, बाय. तुमी सांगितलंत तसेच गेले."

विचारलं, वर म्हणजे कुठं?

"वर म्हणजे वर. घाटाकडं, जमिनीकडं. खाली दर्या."

ओसरीवर आले. बापूंना विचारलं, बापू, वर कुठं? त्यांनी पेपरातून डोकं न काढता हात केला. नदी येते तिकडं. मावळतीकडं.

मेसेज आज सकाळी सहाला परत गेलाय. एकशे बारा फोनवर.

शंतनुला लावला. म्हटलं, बंद कर, आत्ताच्या आत्ता बंद कर. "काय झालं मॅडम?" म्हटलं, पश्चिमेकडून ठेव. तुझ्या आवाजात ठेव.

अर्ज टेबलावर आहे. त्यात फक्त नाव बदलायचंय.