कुणाचीच हरकत नसलेला उमेदवार

तीर्थरूप ताईस धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग, मागच्या पत्रात "बरा आहे" लिहिलंस आणि भावोजी फोनवर वेगळंच म्हणाले.) इकडे सगळं ठीक आहे, फक्त मी निवडून आलोय.

हसू नकोस. आमच्या लाँड्रीत कामगार प्रतिनिधीची निवडणूक झाली. एक उमेदवार इस्त्रीवाल्या बाई, ज्यांना आम्ही वकिलीणबाई म्हणतो. अतिशय हुशार, पण कामचुकाराला तोंडावर कामचुकार म्हणतात, म्हणजे निम्मे मतदार तिथेच गेले. दुसरा मालकाचा माणूस. आणि तीन अर्ज हवेत असा नियम, म्हणून तिसरा मी. बाईंना घाबरणाऱ्यांनी मला निवडलं, मालकाच्या माणसावर चिडलेल्यांनीही मलाच. माझ्यावर कुणाचा राग नाही, एवढंच माझं कर्तृत्व. शाळेच्या समितीत तू दोन मतांनी पडलीस आणि तो गोडबोल्या आला, तेव्हा मीच म्हटलं होतं की लोकांना काही कळत नाही. आता कुठल्या तोंडाने म्हणू? (मी स्वतः वकिलीणबाईंना मत दिलं. हे घरी सांगितलेलं नाही.)

चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी तुटून महिना झाला. परवा धुलाईतल्या मावशींची दोन बोटं त्यात भाजली. जाळी बसेपर्यंत रोलर बंद ठेवा, हे मालकांना सांगणं माझं पहिलं काम. गेलो. ते बसा म्हणाले, बसलो. चहा आला, प्यायलो. त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि बाहेर आलो. दाराशी मावशी, हाताला पट्टी. "बोललास का रे?" मी म्हटलं, "सुरुवात केलीय." ताई, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तुझा,
(उगाच) पुढारी झालेला भाऊ

ता. क. खरं काम हे : मालकांशी काय बोलायचं ते चार ओळींत लिहून पाठव. वाक्यं छोटी ठेव, पाठ करायचीयत.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं. आज वकिलीणबाईंना सांगून टाकलं की तुम्हीच यायला हव्या होतात, माझं मत तुम्हालाच होतं. त्या म्हणाल्या, "आणि माझं तुम्हाला. मी दिसले की मालक दार लावून घेतात, तुम्हाला चहा देतात. उद्या आत शिरा आणि दार धरून ठेवा. मावशींना घेऊन मी मागोमाग येतेच."

तेव्हा चार ओळी नकोत. उद्या दहाला जायचंय. निवडून आल्यासारखं आज पहिल्यांदाच वाटतंय.