डचेस, पिसवा आणि फरहतचा व्हरांडा

४ सप्टेंबर १९९९, सकाळी ९
शेजारच्या फरहतच्या दारात चंद्रपूरहून पेस्ट कंट्रोलची गाडी. राजुऱ्यातली अख्खी गल्ली बघायला जमली. घरात पिसवा झाल्याचा एवढा थाट! टेलिफोन एक्स्चेंजमधून मी रिटायर झाले त्या दिवशीही माझ्या दारात गाडी आली नव्हती.
माझ्या घरात पिसवा नाहीत. पायांवरचे लाल ठिपके उष्णतेचे आहेत.

दुपारी
भिंतीपलीकडचं ऐकलं. सत्तावीस वर्षं ऐकण्याचाच पगार घेतला. फवारणीवाल्या नदीमने विचारलं, "ये बिल्ली किसकी है?" फरहत म्हणाली, "हमारी."
हमारी! डचेस माझी आहे. नाव मी ठेवलं, शिस्त मी लावली. मटणाच्या दोन तुकड्यांवर कोणी आई होत नाही.

५ सप्टेंबर
निश्चय: डचेस आजपासून घरातच. सगळ्या खिडक्या बंद.
संध्याकाळी: न्हाणीघराची खिडकी राहिली. गेली.

७ सप्टेंबर
सोमारी फरशी पुसता पुसता म्हणाली, "बाई, तुमच्या घरी लय पिसवा आहेत. माह्ये पाय पाहा." म्हटलं, तुझ्याच घरून आणल्या असशील. म्हणे, "माह्या घरी मांजर नाई ना, बाई."
उद्धट.
नदीमला फोन केला. पिसवांसाठी नव्हे. फरहतच्या दोन खोल्या फवारल्या, माझ्या तीन आहेत.

१० सप्टेंबर
गाडी आली. माझ्या दारात चाळीस मिनिटं उभी होती. फरहतकडे पस्तीस. (घड्याळ लावून बसले होते.) नदीमने गाद्या उलटल्या, पलंगाखाली, फटीफटीत फवारलं. मांजरीला गुरांच्या डॉक्टरकडची पावडर लावा म्हणाला. जाताना बजावलं, "मॅडम, पंद्रह दिन पोछा मत मारना. झाडू चलेगा. कोश में से नए पिसू निकलेंगे, दवा पे चलेंगे, तब मरेंगे."
पंधरा दिवस! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आम्हाला गुडघ्यांवर बसवून फरशी पुसायला लावत. फरहतला जमत असेल.

संध्याकाळी ६
सोमारी "नोका मारू पोछा, बाई, तो नाई म्हनला" म्हणत अडून बसली. तिला घरी पाठवलं. फिनाईल घालून तिन्ही खोल्या मीच पुसल्या. दोनदा.

१५ सप्टेंबर
उष्णता वाढली आहे. उजव्या पायावर एकतीस ठिपके.
डचेस पाच दिवसांत फिरकली नाही. फरहतच्या व्हरांड्यात पावडर लावून घेत बसलेली दिसली. माझ्याकडून कधी साधा कंगवाही फिरवून घेतला नाही.

१८ सप्टेंबर
नदीमला फोनवर झापलं: मांजर आठ दिवस घरात नाही, तरी तुझ्या फवारणीचा उपयोग शून्य. त्याने एकच विचारलं, "पोछा मारा क्या?" म्हटलं, लाइनवर खरखर आहे. ठेवला.
त्याने पुन्हा लावला. म्हणे, "बिल्ली घर में नहीं, तो पिसू किसको काटेंगे, मॅडम?"

२२ सप्टेंबर, सकाळी ११
दुसरी फवारणी. चार तास घरात शिरायचं नाही. गेटवर खुर्ची टाकून बसणार होते. फरहत भिंतीवरून म्हणाली, "बाई, धूप में काऊन बैठे? इधर आओ ना." हे व्हरांड्यात बसून लिहिते आहे. डचेस फरहतच्या मांडीवर.
सोमारीने कानात सांगितलं, "त्या दिसी भाभीनं तुमची लाज राखली, बाई. पिसवा तुमच्या मांजरीनं आणल्या, हे गल्लीले समजलं असतं. मनून 'हमारी' म्हनली."
मला विचारायला हवं होतं. माझी लाज राखायला मी समर्थ आहे.
चहा बरा होता. आलं जास्त.

दुपारी ३
चार तासांनी नदीम घर उघडून द्यायला परत आला. जाताना गल्लीतल्या चार लोकांसमोर त्याने विचारलं, "पिसू तो बिल्ली से आते हैं. किसकी है आखिर?" फरहत तोंड उघडणार, एवढ्यात मीच म्हटलं, "माझी आहे."
लोक माझ्या पायांकडे बघत राहिले.
निश्चय: पंधरा दिवस पोछा नाही. डचेसला आजच घरी न्यायचं. हाक मारली, "डचेस! कम!" कानही हलवला नाही. दोनदा मारली.
फरहत हळूच म्हणाली, "मुन्नी?"
शेपूट हललं.