धाकट्याची हनुवटी

दादा,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही. कालच्या समारंभाची किळस अजून अंगावरून उतरलेली नाही.

आपला धाकटा बॉम्बफेकी विमानात नकाशावर वाकून बसायचा आणि वैमानिकाला वाट सांगायचा. ऐन बाविशीत, युद्धात, विमानासकट जळून गेला. हडकुळा, कान बाहेर आलेले, हसला की सगळ्या हिरड्या दिसायच्या. आणि त्याचा पुतळा म्हणून चौकात तू उभा काय केलास? छाती फुगवलेला, दुहेरी हनुवटीचा पन्नाशीचा गृहस्थ! मी शिल्पकाराला विचारलं, तर तो म्हणाला, “थोरले साहेब स्वतःच समोर बसले ना. म्हणाले, फोटो कशाला? रक्त एकच आहे.”

फोटो माझ्या कपाटात होता, दादा. मागितला असतास तर मी काय नाही म्हणणार होते?

तरी मी गिळलं असतं. पण तू आईला हाताला धरून पुढे नेलंस. तिला आता दिसत नाही. तिने पुतळ्याचे गाल चाचपले, हनुवटी चाचपली आणि म्हणाली, “अरे, हा तर थोरला. माझा धाकटा कुठाय?”

तू शेजारीच होतास. नीट ऐकलंस. आणि माइक ओढून घेऊन म्हणालास, “आईने धाकट्याला ओळखलं!”

टाळ्या पडल्या. आई हात पुढे करून अजून त्याला शोधतच होती.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पुढच्या कार्यक्रमात तू तेही गळा काढून वाचून दाखवशील.

फक्त धाकट्याची,
ताई